डोळ्यांच्या दवाखान्याच्या अकरा पावत्या

गेल्या वर्षी मी माझ्या बायकोचा डोळा करातून वजा करून घेतला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाला माझ्याबद्दल बरं वाटायला लागलं तर वेळीच आवर घालता येईल. उजवा डोळा अख्खा, आणि डाव्याची सुरुवात. अकरा पावत्या, तारीखवार लावलेल्या, डाव्या कोपऱ्यात टाचणी. आणि खर्चाचं कारण माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: व्यवसाय.

व्यवसाय कुठला, तर चष्म्याच्या फ्रेमी विकायचा. आता बोला.

मी फिरता विक्रेता आहे. कारखान्याचा नोकर नाही. जेवढ्या फ्रेमी खपवीन तेवढं कमिशन, आणि त्यावरचा कर माझा मी भरायचा. माझ्या बॅगेत एकशे चाळीस फ्रेमी असतात आणि चष्म्याची दुकानं, डोळ्यांचे दवाखाने हे माझं गिऱ्हाईक. समोरच्याच्या नाकाकडे एकदा बघितलं की त्याला कुठली फ्रेम बसेल ते मी सांगतो. माणसांचे चेहरे वाचणं हाच आपला धंदा, असं मी वर्षानुवर्षं चारचौघांत छाती फुगवून सांगत आलो. कोणी मला थांबवलं नाही, ही त्यांची चूक.

बरीच वर्षं मी कर मुकाट्याने भरत होतो. मग एका गिऱ्हाइकाने सांगितलं की धंद्यासाठी केलेला खर्च मिळकतीतून वजा करता येतो, फक्त पावती पाहिजे. झालं! त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. घरी आलो, बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा रिकामा केला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. फर्मान काढलं की घरात येणाऱ्या प्रत्येकाने आधी खिसे आणि पिशव्या तपासायच्या, पावती असेल ती डब्यात टाकायची आणि मगच चपला काढायच्या. आमची लेक तेव्हा शाळेत होती. ती पेन्सिलीची पावती टाकायची आणि डब्याला सलाम ठोकायची. मला वाटायचं, काय शिस्त लावली आहे मी या घराला!

मग मी काय काय वजा केलं ते विचारू नका. दिवाणखान्यातला दिवा अर्धा धंद्याचा, कारण त्याच्याखाली मी फ्रेमी मांडतो. आरसा अख्खा धंद्याचा. जोडे धंद्याचे, पण मोजे घरचे, कारण इतकंही खोटं बोलू नये माणसाने. बायको एकदा म्हणाली, "अहो, मी तुमची शर्टं धुते, इस्त्री करते, गावाला गेलात की तुमची बिलं भरते. मला कशात धरलंय?" मी म्हटलं, "तुझी पावती मिळत नाही." मला तो फार मोठा विनोद वाटला होता. चार दुकानांत मी तो सांगितलाही.

बिलांचं मात्र खरं होतं. मी दौऱ्यावर असलो की धंद्याची छोटी देणी हीच भागवायची. आमच्याच गावातल्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात तळमजल्यावर चष्म्याचं दुकान आहे. तिथे माझ्या फ्रेमींची एक मांडणी असते आणि तिचं भाडं दवाखाना घेतो. ते भाडं ही भरून यायची. त्यामुळे दवाखान्याचं नाव छापलेली पावती डब्यात दिसली की मी ती 'मांडणीचं भाडं' म्हणून लावून मोकळा. पावतीवर मी तीनच गोष्टी बघतो: तारीख, रक्कम आणि शिक्का. मधला मजकूर वाचत बसलो तर जन्म पुरायचा नाही. गेल्या वर्षी रकमा वाढलेल्या दिसल्या तेव्हा मी दवाखान्याच्या नावाने दोन दिवस बोटं मोडली. भाडं वाढवलं लेकाच्यांनी, आणि साधं पत्र नाही! इतकं करून मी त्यांना विचारलं का? नाही. कारण भाडं जेवढं जास्त तेवढं वजा जास्त, म्हणून आतून मी खूशच होतो.

घरखर्चाची वही हिच्याकडे. महिन्याच्या शेवटी मी ती तपासतो, म्हणजे लाल पेन घेऊन बसतो. गेल्या वर्षभरात त्या वहीतलं अक्षर मोठं व्हायला लागलं. आधी पानावर वीस नोंदी मावायच्या, मग बारा, मग सात. मी काय म्हणालो असेन? "अगं, कागद काय फुकट येतो? बाराखडी गिरवतेस का?" ती म्हणाली, "बरं, बारीक लिहीन." पण बारीक काही झालं नाही. दिवसाढवळ्या ती दिवे लावायला लागली. मी बटणांच्या वर चिठ्ठी चिकटवली: 'खरंच गरज आहे का?' समोरच्या शिंप्याकडून ती काजं करायला आणायची, शर्टामागे थोडे पैसे मिळायचे. ते काम तिने एकाएकी सोडलं. म्हणाली, कंटाळा आला. मी लगेच पेन्सिल काढून वर्षाचं नुकसान किती होईल ते तिला सांगितलं.

आणि तरीही त्या वर्षी घरखर्च कमी आला. साबण हलका आला, वर्तमानपत्र बंद झालं, हिने स्वतःला एक कपडा घेतला नाही. लेक सुट्टीवर वसतिगृहातून आली होती, तेव्हा जेवताना मी भाषण ठोकलं की बघा, शिस्तीने काय होतं. लेकीने आईकडे बघितलं. आईने मान हलवली, बोलू नकोस अशा अर्थाने. ते मी बघितलं, आणि मला वाटलं, दोघी माझ्यावर खूश आहेत.

दौरा म्हणजे तर माझा स्वर्ग. घरी केलेला खर्च हा नुसता खर्च, दौऱ्यावरचा खर्च म्हणजे वजावट. महिन्यातून दोनदा निघायचं, पाच दिवसांत चार गावं. लॉज ठरलेला, कारण तिथे सकाळचा नाश्ता भाड्यातच असतो आणि मी तो दुपारपर्यंत पुरवतो. दोन उकडलेली अंडी पोटात, दोन रुमालात. लॉजवाला आता मला जिन्यात बघूनच अंड्यांचं पातेलं आत नेतो. संध्याकाळी सातला मी घरी फोन करतो, तीन मिनिटं, घड्याळ लावून. हा फोनही मी धंद्याच्या खर्चात लावतो, तेव्हा त्यात धंद्याचं काहीतरी बोलायला हवं, एवढा प्रामाणिकपणा माझ्यात आहे. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला: "काही पावत्या?"

तर असा मी. आणि अशा माझ्या घरी करकचेरीतून पत्र आलं. 'प्रवासखर्च व मांडणीभाडे यांत विसंगती आढळते, समक्ष खुलासा करावा.' खुलासा पटला नाही तर वर्षभराचा प्रवासखर्च नामंजूर, वर दंड. पत्र वाचताना माझी पाचावर धारण बसली, पण बायकोला म्हणालो, "येऊ दे. माझ्या एकेका कागदाला शिक्का आहे." ती दाराशी उभी होती. काहीतरी बोलणार होती बहुतेक. मी तिला दोन्ही फायली आणायला सांगितलं.

कचेरीत जाताना मी बॅगेतली एक जाड काळी फ्रेम डोळ्यांवर चढवली, बिननंबराची. विद्वान दिसतो मी त्यात.

अधिकारी बाई माझ्या लेकीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. टेबलावर माझंच विवरणपत्र, मीच लावलेल्या टाचण्या. मी खुर्चीत बसता बसताच सुरुवात केली, "बाई, तुम्ही एक कागद मागा, मी दोन देतो."

"दोन नकोत," त्या म्हणाल्या. "या अकरा पावत्यांचं सांगा."

"मांडणीचं भाडं. त्या दवाखान्याच्या दुकानात माझ्या फ्रेमी असतात. नियमित भरतो."

"अकरापैकी सात तारखांना तुम्ही परगावी लॉजवर आहात. लॉजच्या पावत्या तुम्हीच जोडल्यात."

मला हसूच आलं. एवढ्यासाठी बोलावलं होय! "मी नसताना बायको भरते हो. घरचंच माणूस आहे, त्याला काय दाखला आणू?"

"भाड्याच्या पावत्याही आहेत यात, त्या वेगळ्या आहेत. महिन्याच्या महिन्याला, रक्कम तीच. त्या बरोबर आहेत." त्यांनी अकरांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "या तुम्ही वाचल्या आहेत का?"

"म्हणजे काय! मी स्वतः लावल्यात."

"लावल्यात. वाचल्यात का?"

मी ती विद्वान फ्रेम काढली, माझा खरा चष्मा लावला आणि वाचलं. पावतीवर सगळ्यात वर 'रुग्णाचे नाव' असतं. तिथे माझ्या बायकोचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'उजवा डोळा, पडद्याचे इंजेक्शन.' दुसरी पावती उलटली. उजवा डोळा. तिसरी. उजवा. आठव्या पावतीपर्यंत उजवा डोळा. नवव्या पावतीवर लिहिलं होतं, डावा. दहाव्या पावतीवर डावा. अकराव्या पावतीवर डावा.

मला आधी वाटलं, नावात चूक झाली आहे. मग वाटलं, दुसरी कोणी त्याच नावाची असेल. माणूस स्वतःला वाचवायला काय काय शोधतो! बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"तुम्हाला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हताच तो.

मी म्हणालो, "माझा धंदा चष्म्याचा आहे." हे मी का म्हणालो, मला आजही सांगता येत नाही.

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर मी भांडलो असतो, भांडायला मला आवडतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "औषधपाण्याचा खर्च दाखवायला वेगळा रकाना आहे. हा तिकडे घाला. पंधरा दिवसांत सुधारून आणा, फरक भरा, दंड थोडा लागेल. प्रवासखर्चाला मी हात लावत नाही." मी मान हलवली. प्रवासखर्च वाचला होता, आणि त्याचं मला काडीचंही सुख झालं नाही.

घरी आलो तेव्हा ही स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. रोजच सोलते. त्या दिवशी मी दारात उभा राहून पहिल्यांदा बघितलं की ती शेंगांकडे बघतच नव्हती. बोटांनी चाचपायची, शेंग उघडायची, दाणे भांड्यात. एक दाणा बाहेर पडला की टेबलावर तळवा फिरवून शोधायची.

मी पावत्या तिच्यासमोर ठेवल्या.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"कळलं वाटतं काय? वर्षभर! डोळ्यात सुया घेत होतीस तू वर्षभर! मला सांगायचं नाही?" माझा आवाज चढला. दुसऱ्यावर चढवला की बरं वाटतं.

"सांगितलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. सातच्या फोनवर. मी म्हटलं, आज डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आले. तुम्ही म्हणालात, पावती डब्यात टाक. मी म्हटलं, अहो, डोळ्यात सुई दिली मला. तुम्ही म्हणालात, तीन मिनिटं झाली, ठेवतो."

मला आठवेना. देवाशपथ सांगतो, आठवत नव्हतं. आठवलं असतं तर निदान शरम तरी वाटायला जागा मिळाली असती. इथे तर काहीच नव्हतं, कोरं.

"मग पुन्हा नाही सांगायचं?"

तेव्हा ती भडकली. आमच्या संसारात ती फारशी भडकत नाही, त्यामुळे मला त्याची सवय नाही. "बहिरे असता तर पुन्हा सांगितलं असतं! ऐकूनही फोन ठेवून देता तुम्ही. पावती टाक म्हणालात, टाकली. अकरा वेळा टाकली. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मला वाटलं, हा माणूस पावती तरी वाचतो. एक दिवस वाचेल."

मी खुर्चीत बसलो.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी साचत होतं. आधी सुईचं छिद्र दिसेना, मग काजं वाकडी व्हायला लागली, मग सरळ दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. आठ सुया घेऊन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, उजव्याचा मधला भाग गेला, तो परत येणार नाही. तेवढ्यात डाव्यात सुरू झालं. पैसे काजांचे साठवलेले होते, ते संपल्यावर घरखर्चातून. लेकीला माहीत होतं. दोनदा ती सुट्टी घेऊन आईबरोबर गेली होती, आणि संध्याकाळच्या गाडीने परतही गेली होती, मी येण्याच्या आत.

"आणि डावा?" मी विचारलं. "डाव्याचं काय म्हणतात?"

"टिकेल म्हणतात. पण एकही सुई चुकवायची नाही. महिन्याच्या महिन्याला, ठरल्या दिवशी. हा गेला तर मग काही नाही." ती पुन्हा मटार ओढून बसली. "पुढची गुरुवारी आहे."

गुरुवारी माझा दौरा होता. साधासुधा नाही, तीन दुकानांचा एक मालक आहे, तो वर्षातून एकदा ऑर्डर देतो आणि त्या ऑर्डरीवर माझं अर्धं वर्ष निघतं. मी म्हणालो, "मी येतो तुझ्याबरोबर. दौरा गेला खड्ड्यात."

मला वाटलं, तिचे डोळे भरून येतील. कसले भरतायत! "शहाणपणा करू नका," ती म्हणाली. "सुईला पैसे कुठून आणणार? जा तुम्ही. मी जाते रिक्षाने, रोजचंच आहे माझं."

हेच तर वाईट होतं, की तिचं बरोबर होतं. मी कागद घेऊन आकडेमोड केली. दोनदा केली. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, की घरी राहणं परवडत नाही. मग मी त्या मालकाला फोन लावला आणि शुक्रवार मागितला. तो म्हणाला, "शुक्रवारी या की. पण गुरुवारी दुसराही एकजण येतोय हं नमुने घेऊन. उरेल ते तुमचं." मी म्हटलं, "उरेल ते द्या." यात मोठेपणा वगैरे काही नाही. मी घाबरलो होतो. एकटी गेली आणि येताना जिन्यावरून पडली तर, एवढंच डोक्यात होतं, आणि ते वर्षभर डोक्यात नव्हतं याची लाज.

गुरुवारी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. तिथे मला सगळे ओळखतात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काय फ्रेमवाले काका, आज बॅग नाही?"

"पेशंटबरोबर आलोय."

"कोण पेशंट?"

मी हिच्याकडे बोट केलं. ती मुलगी एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. "या तुमच्या मिसेस? अहो, या तर वर्षभर येतायत!"

"हो," मी म्हणालो.

आधी तपासणी झाली. उजव्या डोळ्याने हिला फळ्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसेना, ती म्हणाली, "तिथे मधोमध डाग आहे, कडेची भिंत दिसते." मग डाव्याने ती पाचव्या ओळीपर्यंत वाचत गेली, अडखळत, एकेक अक्षर. मी मागे उभा होतो आणि प्रत्येक अक्षर मनातल्या मनात तिच्याआधी म्हणत होतो, जणू मी म्हटल्याने तिला दिसणार होतं. डॉक्टर म्हणाले, "छान. डावा अजून आपल्या हातात आहे. तारखा पाळा." मी त्यांना तीनदा विचारलं, अजून म्हणजे किती. ते म्हणाले, "तारखा पाळा."

मग डोळ्यात थेंब घालून आम्हाला बाहेर रांगेत बसवलं. एका भिंतीला खुर्च्या, समोर काउंटर, बाजूला दुकानाकडे जाणारं दार. त्या दारातून मी किती वेळा गेलो असेन याचा हिशोब नाही. हिच्या एका डोळ्यात औषध आणि दुसरा गेलेला. ती डोळे मिटून बसली होती, हात मांडीवर.

"मागच्याच्या मागच्या महिन्यात मी त्या तिकडच्या खुर्चीवर होते," ती म्हणाली. "लेकीची परीक्षा होती म्हणून एकटीच आले होते. डाव्यावर पट्टी घातली की मला काहीच दिसत नाही, तेव्हा पट्टी काढेपर्यंत तीन तास बसून राहायचं. तर तुम्ही आलात."

"मी?"

"बॅग घेऊन. आवाजावरून कळलं. काउंटरवरच्या मुलीला हसवत होतात. कुठल्या तरी बायकोची पावती मिळत नाही, असं काहीतरी."

"मग हाक नाही मारायची?"

"मारली. 'अहो, इकडे' म्हटलं. तुम्ही आलात माझ्यापर्यंत. समोर उभे राहिलात. मला वाटलं, चला, सुटले. तुम्ही म्हणालात, 'बाई, मी इथला नाही. काउंटरवर विचारा.' आणि गेलात दुकानात."

आणि हे मला आठवलं. फोन आठवला नव्हता, पण ही बाई आठवली. हिरवी टोपी, डोळ्यावर पट्टी, हात पुढे केलेला. मी चांगुलपणाने बोललो होतो तिच्याशी. हसूनसुद्धा बोललो होतो. माझ्या मनात आलं होतं की बिचारीबरोबर कोणी आलेलं दिसत नाही, कसली माणसं असतात एकेक.

हे मी हिला सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठे होतं?

नर्स आली आणि हिला आत घेऊन गेली. मी हिची पर्स आणि चपला मांडीवर घेऊन बसलो. अर्धा तास झाला, पाऊण झाला. शेजारच्या माणसाने विचारलं, "पहिलीच वेळ का?" मी म्हटलं, "माझी पहिलीच. तिची बारावी." त्याला ते कळलं नाही, आणि पुढे तो माझ्याशी बोलला नाही.

मग आतलं दार उघडलं आणि नर्सने चौघींना एकदम बाहेर आणलं. चौघींना तोच सैल हिरवा झगा, केस झाकणारी तीच टोपी, एका डोळ्यावर तीच पट्टी गालापर्यंत चिकटवलेली. तिने चौघींना भिंतीशी उभं केलं आणि ओरडली, "ज्याचं त्याने घेऊन जा!"

मी उठलो आणि तिथेच उभा राहिलो. एकशे चाळीस फ्रेमी मी अंधारात हाताने ओळखतो. आणि मी त्या चार बायकांकडे बघत होतो आणि मला खात्री वाटेना. दुसरी वाटत होती. पण तिसरीही तेवढ्याच उंचीची. मी वाट बघत होतो की आता हाक येईल. हाक आली नाही. या वेळी ती मारणार नव्हती.

मग मी जवळ गेलो आणि एकीसमोरून दुसरीकडे, खरंच बघत गेलो. तिसरीच्या हाताच्या बोटांवर शिवणाच्या सुईच्या जुन्या खुणा होत्या, आणि ओठ घट्ट मिटलेले, चिडल्यावर मिटते तसे. मी तिचा हात धरला.

"नक्की ना?" ती म्हणाली. "नीट बघून घ्या एकदा. नाहीतर काउंटरवर विचारा."

"तूच," मी म्हणालो. तिथे, त्या काउंटरसमोर, माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांदेखत, हातात बायकोच्या चपला घेऊन मला हुंदका फुटला.

तिने चाचपत माझ्या तोंडावरून हात फिरवला, गाल ओले लागले तशी ती दचकली.

"अहो, रडता काय?" ती म्हणाली. "औषध माझ्या डोळ्यात घातलंय."